मंथरेच्या अलीकडे-पलीकडे : येवल्याच्या ललिता पवार

नाशिक रोडवरून बोलतेय. मधेच गाडीचा भोंगा ऐकू आला तर सांभाळून घ्या, आमची बिल्डिंग रुळांपासून फार लांब नाही. आणि तुम्ही हे ऐकण्याऐवजी वाचत असाल तर नेहमीप्रमाणे मी जशी बोलले तसंच लिहून काढलंय, फक्त अडखळणं तेवढं गाळलंय.

आजचा विषय : ललिता पवार.

नाव घेतल्याबरोबर किती जणांनी एक डोळा बारीक केला, खरं सांगा. (हसते) आपल्याकडे 'ललिता पवार' हे नुसतं नाव राहिलेलं नाही, ते विशेषण झालंय. एखाद्या घरात सासू कडक आहे असं सांगायचं असेल तर 'सासू म्हणजे अगदी ललिता पवार' एवढं म्हटलं की पुरे. आणि आपल्या वयाच्या लोकांना त्या माहीत असतात त्या मंथरा म्हणून. रामानंद सागरांचं 'रामायण' १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर आलं तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांचा जन्मही झाला नव्हता. पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ते पुन्हा लागलं आणि आपण सगळ्यांनी आजी-आजोबांच्या शेजारी बसून पाहिलं. तेवढ्या सगळ्या मुकुटांमध्ये आणि धनुष्यबाणांमध्ये ज्यांना खरा अभिनय येत होता त्यांत कुबड काढून बसलेली ती म्हातारी पहिली. हे माझं मत आहे. कमेंटमध्ये भांडायला या.

त्यानंतर आपल्याला त्या भेटतात रीलमध्ये. ते रील तुम्ही पाहिलंच असेल. चाळीस सेकंद, करुण संगीत, आणि गोष्ट अशी : एक सुंदर नायिका होती, शूटिंगमध्ये हिरोने जोरात थोबाडीत मारली, डोळा गेला, चेहरा वाकडा झाला, आणि नायिकेची खलनायिका झाली. शेवटी रडणारा इमोजी. संपलं.

मला त्या रीलवर बोलायचंय. त्यातली मुख्य घटना खरी आहे, तरी सांगितलेली गोष्ट मात्र चुकीची आहे असं मला वाटतं.

सुरुवातीपासून सांगते. ललिता पवार आपल्या जिल्ह्यातल्या. येवल्याच्या. इथून मनमाडपर्यंत गाडीने जायचं, तिथून दौंडच्या लाइनवर पुढचं येवला. पैठणीचं गाव. तात्या टोपेंचं गाव. १९३५ साली बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ते गाव. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १८ एप्रिल १९१६ ला तिथे जन्म, मूळ नाव अंबा लक्ष्मणराव शगुन. वडील रेशमी-सुती कापडाचे व्यापारी. येवल्यात आणखी कशाचा व्यापार असणार म्हणा.

सिनेमा म्हणजे काय हे निम्म्या महाराष्ट्राला माहीत नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीचं काम करायला बाई मिळाली नाही, अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने ते केलं. त्यानंतर तीनच वर्षांनी अंबा जन्मली. आणि १९२८ मध्ये पुण्याच्या आर्यन फिल्म कंपनीने नवा 'राजा हरिश्चंद्र' केला, त्यात ही लहान मुलगी पडद्यावर दिसली. पंधरा वर्षांत एवढा फरक.

आता मूकपट म्हणजे काय, जरा विचार करा. आवाज नाही, संवाद नाही, गाणं नाही. मधे मधे पाट्या येतात. बाकी सगळं चेहऱ्याने करायचं. या मुलीने अभिनयाचे पहिले धडे गिरवले ते अशा ठिकाणी, जिथे चेहरा हे एकच हत्यार होतं. मला वाटतं त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाची किल्ली इथे आहे, आणि रीलमध्ये नेमकं हेच नसतं.

पुढे विशीतच त्या नायिका झाल्या. तीसच्या दशकातल्या स्टंटपटांतल्या नायिका. १९३५ च्या 'हिम्मत-ए-मर्दां'च्या काळातले त्यांचे फोटो शोधा, तुम्हाला धक्का बसेल. ही मंथरा? आणि नुसत्या नायिकाही नव्हत्या. १९३२ मध्ये 'कैलाश' नावाच्या मूकपटाच्या त्या सहनिर्मात्या होत्या. वय किती? सोळा. मी सोळाव्या वर्षी बारावीच्या क्लासच्या मागच्या बाकावर बसून वडापावचे पैसे मोजत होते. मग तीसच्या दशकाच्या शेवटाकडे 'दुनिया क्या है' नावाचा बोलपट काढला, त्याचा आधार टॉलस्टॉयची 'रिझरेक्शन' ही कादंबरी. मराठीत भालजी पेंढारकरांचा 'नेताजी पालकर', मास्टर विनायकांचा, वि. स. खांडेकरांच्या कथेवरचा 'अमृत'. म्हणजे १९४२ उजाडेपर्यंत या बाईंची पडद्यावर चौदा वर्षं झाली होती. कुणी कच्ची नवखी सुंदरी नव्हती ती.

आणि मग ती थप्पड.

'जंग-ए-आझादी' नावाचा चित्रपट, साल १९४२. सीनमध्ये मास्टर भगवान, म्हणजे आपले भगवानदादा, पुढे 'अलबेला'वाले, त्यांना ललिताबाईंना थोबाडीत मारायची होती. मारली. ती इतकी जोरात बसली की डाव्या डोळ्याची रक्तवाहिनी फुटली आणि चेहऱ्याला लकवा झाला. पुढे तीन वर्षं उपचार चालले. डावा डोळा कायमचा बारीक राहिला. वय सव्वीस.

बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की भगवानदादा नवखे होते म्हणून अंदाज चुकला. हे काही पटत नाही. १९३८ पासून तो माणूस सिनेमे दिग्दर्शित करत होता, स्टंटपटांतच वाढला होता. मला यात एका माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाहीये, मुद्दाम कुणी मारलं असं कुणीच म्हणत नाही. पण तेव्हाची कामाची पद्धतच अशी होती की थोबाडीत मारण्याचा सीन म्हणजे खरंच थोबाडीत मारायचं. चुकलं तर ज्याला लागलं त्याने सोसायचं. प्रोसेसमध्येच बग असेल तर शेवटचं बटण कुणी दाबलं हे शोधून काय मिळणार?

इथे थोडं माझं सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल की ही कोडिंगवाली बाई अचानक जुन्या सिनेमात कुठे शिरली.

दोन वर्षांपूर्वी, माझं वय तेव्हा सव्वीसच, एका सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या डाव्या बाजूने गळायला लागलं. आरशात पाहिलं तर डावा ओठ लोंबलेला, डावा डोळा मिटत नाही. बेल्स पाल्सी. चेहऱ्याच्या नसेला सूज येते आणि एका बाजूचे स्नायू काम करायचे थांबतात. आजी म्हणाली, वारं गेलं अंगावरून. डॉक्टर म्हणाले, लवकर आलीस ते बरं केलंस, बहुतेक लोक बरे होतात, गोळ्या घे, डोळ्यात थेंब घाल, रात्री पट्टी लावून डोळा बंद करून झोप. मी वर्क फ्रॉम होम होते, त्यामुळे रोजच्या कॉलला कॅमेरा बंद ठेवायला लागले. आठवड्याने मॅनेजरने विचारलं, नेट स्लो आहे का? मी हो म्हटलं.

नेमकं तेव्हाच घरात स्थळं बघणं सुरू होतं. बायोडेटासाठी फोटो काढायचे होते. आई एवढंच म्हणाली, 'राहू दे, नंतर काढू.' त्या 'नंतर'मध्ये काय काय होतं ते मुलींना समजेल. आणि एका लग्नात नात्यातल्या एक काकू सगळ्यांसमोर हसत म्हणाल्या, 'अगं बाई, ही तर ललिता पवार झाली!' त्यांना वाईट बोलायचं नव्हतं. सगळे हसले. मीही हसले, आणि अर्ध्याच चेहऱ्याने हसले, म्हणून आणखी हसू झालं.

त्या रात्री घरी येऊन, डोळ्याला पट्टी लावण्याआधी, मी पहिल्यांदा त्यांचं नाव सर्च केलं. पुढचे चार महिने, म्हणजे चेहरा परत येईपर्यंत, जमेल तेवढे त्यांचे सिनेमे पाहिले. लॅपटॉपवर, झोपायच्या आधी, एका डोळ्याने. त्यामुळे आता जे सांगतेय ते समीक्षकाचं मत नाही. मी त्या डोळ्याकडेच बघत होते. कथानकाकडे माझं फारसं लक्षच नव्हतं.

आणि मला जे दिसलं ते रीलपेक्षा फार वेगळं होतं.

आधी तारखा बघा. थप्पड १९४२ ची. तीन वर्षांचे उपचार म्हणजे बाई तीन वर्षं घरी बसून होत्या असं आपल्या डोळ्यांसमोर येतं. पण प्रभातचा 'रामशास्त्री' आला १९४४ मध्ये, आणि त्यात ललिता पवार आहेत आनंदीबाई! 'ध' चा 'मा' करणारी आनंदीबाई. नाशिककरांना वेगळं सांगायला नको, आपलं आनंदवल्ली हे गाव तिच्याच नावाचं. म्हणजे ज्या काळात त्यांचं आयुष्य संपलं असं रील सांगतं, त्याच काळात त्या प्रभातसारख्या कंपनीत, गजानन जागीरदारांच्या रामशास्त्र्यासमोर, मराठी इतिहासातल्या सगळ्यात बदनाम बाईचं काम करत होत्या.

त्यानंतर व्ही. शांतारामांचा 'दहेज', १९५०. हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू. इथून तो 'ललिता पवार' नावाचा शिक्का पक्का होत गेला. शिक्का खोटा नाही, बाईंनी सासवा जबरदस्त केल्या. 'दहेज' बघताना मला खरोखर राग आला होता, तेही ७० पेक्षा जास्त वर्षं जुन्या सिनेमातल्या बाईचा.

पण पुढे बघा. १९५५. त्या एका वर्षात 'मिस्टर अँड मिसेस ५५' मध्ये मधुबालाची श्रीमंत, पुरुषद्वेष्टी आत्या. आणि 'श्री ४२०' मध्ये फुटपाथवरची केळेवाली. राज कपूर पहिल्यांदा मुंबईत येतो, खिशात काही नाही, आणि केळ्यांच्या भावावरून या बाईशी घासाघीस करतो. तो सीन यूट्यूबवर सहज मिळेल. त्यात तोच डोळा आहे. पण इथे तो डोळा म्हणतोय, 'तुझ्यासारखे छप्पन्न पाहिलेत रे पोरा'. आणि दुसऱ्या क्षणी त्याच डोळ्यात माया. गंमत म्हणजे त्या राज कपूरपेक्षा फक्त आठ वर्षांनी मोठ्या होत्या. चाळिशीही आली नव्हती आणि त्याची आईसारखी कामं करत होत्या. ती आपल्या सिनेमाची जुनी खोड, त्यावर वेगळा भाग करावा लागेल.

मग १९५९. माझं आवडतं वर्ष. त्या वर्षी बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला. त्यात ललिताबाई आहेत बुआ, जात पाळणारी, घरात वाढलेल्या दलित मुलीला मनातून कधीही आपलं न मानणारी. त्या खलनायिकेसारख्या ओरडत नाहीत त्यात. शांतपणे, धर्माच्या भाषेत, सोवळ्यातल्या आवाजात सगळं करतात, म्हणून जास्त टोचतं. मगाशी मी येवल्याचं लक्षात ठेवा म्हटलं ते यासाठी. ज्या गावात १९३५ ची ती घोषणा झाली, त्याच गावातल्या, सनातनी घरात वाढलेल्या बाईने ही बुआ उभी केली. त्यांनी ती कुठून उचलली असेल हा प्रश्न मला तरी पडला. अशा बायका आपण सगळ्यांनी पाहिल्यात. स्वयंपाकघराच्या दारात वेगळा कप ठेवणाऱ्या.

आणि त्याच वर्षी हृषीकेश मुखर्जींचा 'अनाड़ी'. मिसेस डिसा. ख्रिश्चन घरमालकीण, तोंडाने फटकळ, भाड्यावरून राज कपूरला झापणारी, आणि जीव लावणारी. भेसळीचं औषध घेऊन ती मरते, आणि आळ येतो त्याच्यावर. या कामासाठी त्यांना फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमीचाही पुरस्कार मिळाला. पण पुरस्कार सोडा. तुम्ही मिसेस डिसा रागावतानाचे सीन आवाज बंद करून बघा. मी बघितले. उजवा डोळा रागावलेला असतो आणि डावा, बारीक झालेला, हसत असतो. ओठ ओरडतायत आणि डोळा सांगतोय की जेवून जा. एका चेहऱ्यावर दोन वाक्यं एकदम. दोन धडधाकट डोळे असलेल्या कितीजणींना हे जमलं असतं, मला माहीत नाही. मूकपटाचं शिक्षण आहे ते. अर्धा चेहरा हातातून गेल्यावर त्यांनी उरलेल्या आणि गेलेल्या, दोन्ही भागांना वेगवेगळी कामं वाटून दिली.

तोच डोळा बुआला, तोच मिसेस डिसाला. एकाच वर्षी. मग डोळ्याने खलनायिका बनवली हे कसं म्हणायचं?

बाहेरचं एक उदाहरण देते. हॉलिवूडचा माँटगोमेरी क्लिफ्ट. पन्नाशीच्या दशकातला अत्यंत देखणा नट. १९५६ मध्ये, एक सिनेमा अर्धा शूट झालेला असताना, एलिझाबेथ टेलरच्या घरून निघाल्यावर गाडीचा भयानक अपघात झाला. चेहरा फुटला, डावी बाजू काहीशी लुळी राहिली. त्यानेही पुढे काम केलं, १९६१ च्या 'जजमेंट ॲट न्यूरेम्बर्ग'मधल्या छोट्याशा भूमिकेसाठी ऑस्कर नामांकन मिळवलं. पण वेदना, औषधं, दारू यांत तो १९६६ मध्ये, ४५ व्या वर्षी गेला. त्याच्यावर पुस्तकं आहेत, माहितीपट आहेत, अपघाताआधीचा आणि नंतरचा चेहरा यांवर लोक पानंच्या पानं लिहितात. आपल्या ललिताबाईंनी अपघातानंतर चाळीसहून जास्त वर्षं काम केलं. एकूण चित्रपटांचा आकडा सातशेच्या आसपास सांगितला जातो. आणि त्यांच्या वाट्याला काय आलं तर चाळीस सेकंदांचं रील. असो.

साठच्या दशकाबद्दल आणि त्यानंतरच्या काळाबद्दल भरभर सांगते, कारण ते तुम्हाला थोडंफार माहीत असतं. 'जंगली'मध्ये घरात हसायला बंदी करणारी शम्मी कपूरची आई. १९६१ चा 'संपूर्ण रामायण', त्यातही मंथरा त्याच! म्हणजे १९८७ ची मंथरा ही दुसरी आवृत्ती होती, सव्वीस वर्षांनंतरची. 'आनंद'मध्ये हॉस्पिटलची मेट्रन, आणि हृषीदांनी तिचंही नाव डिसाच ठेवलं. मला ते फार आवडलं. जणू 'अनाड़ी'तली डिसा मेली नव्हतीच, नर्स होऊन परत आली.

पण एका सिनेमावर मात्र थांबते. 'प्रोफेसर', १९६२. शम्मी कपूर म्हाताऱ्याचं सोंग घेऊन शिकवणी करायला येतो. घरात दोन तरुण भाच्या, आणि त्यांची अतिशय कडक पालक, म्हणजे ललिता पवार. आता नेहमीचा सिनेमा असता तर ती कडकच राहिली असती. इथे ती त्या नकली म्हाताऱ्याच्या प्रेमात पडते. सिनेमा ते विनोदासाठी वापरतो, आपण हसतो. पण त्या बाई आरशासमोर नटतात तेव्हा मी हसू शकले नाही. कित्येक वर्षांत स्वतःकडे न बघितलेली बाई स्वतःकडे बघते आहे. वीस वर्षांपूर्वी जिचं नायिकापण गेलं, तिला पुन्हा एकदा नायिकेसारखं लाजायचं काम मिळालं, तेही थट्टेसाठी. आणि त्यांनी ते थट्टेसाठी केलं नाही. त्या खऱ्या लाजल्या. शेवटी फसवणूक उघड होते तेव्हा तरुण जोडप्यापेक्षा मला त्यांचीच काळजी वाटली. दिग्दर्शक लेख टंडन यांना हे अपेक्षित होतं की नाही कोण जाणे.

हा सिनेमा मी आजीबरोबर पाहिला. आजी १९८७ मध्ये टीव्हीसमोर बसून मंथरेला शिव्या घालणाऱ्यांपैकी. तो आरशाचा सीन झाल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'दिसायला किती चांगली होती गं ही.' मी म्हटलं, होती नाही, आजी, बघ ना, आहे.

माझा चेहरा चार महिन्यांत बराचसा परत आला. हसले की डावा डोळा किंचित मिटतो, तो तसाच राहील म्हणतात. बायोडेटावरचा फोटो त्यानंतरचा आहे, हसतानाचाच. एका स्थळाकडून विचारणा झाली की डोळ्याला काही आहे का. आईने आधी माझ्याकडे बघितलं, मग फोनवर सांगितलं, हो, आहे. पुढे त्यांचा फोन आला नाही. आता तुम्ही विचाराल, मग? मग काही नाही, बघणं चालू आहे. (हसते)

ललिताबाई २४ फेब्रुवारी १९९८ ला पुण्यात, औंधला गेल्या. ८१ वर्षांच्या होत्या. १९२८ च्या मूकपटापासून रामायणापर्यंत मोजलं तर साठ वर्षं कॅमेऱ्यासमोर.

कुठून सुरुवात करायची असं मेसेजमध्ये विचारता म्हणून सांगून ठेवते. आधी 'श्री ४२०'चा केळेवालीचा सीन, पाच मिनिटांचं काम आहे. मग एखाद्या रविवारी 'अनाड़ी' पूर्ण. नंतर 'सुजाता', पण त्याच आठवड्यात, म्हणजे मिसेस डिसा डोक्यात ताजी असताना बुआ बघता येईल. 'प्रोफेसर' घरातल्या आजीबरोबर बघा, एकटे नको. आणि पुढच्या वेळी ते रील कुणी पाठवलं तर त्याला उत्तर म्हणून केळेवालीची लिंक टाका.

येवल्यात कुणी ऐकत असेल, आणि घरात शगुनांच्या दुकानाबद्दल किंवा जुन्या कापड बाजाराबद्दल मोठ्यांकडून काही ऐकलेलं असेल, तर मला नक्की व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या महिन्यात एक शनिवार मोकळा आहे, मनमाडला गाडी बदलून येते मी.

चला, गाडी आलीच बघा, ऐकू येतेय ना? भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.